मनगटावरचा आकडा कोणाच्या मालकीचा?

नाडी पाहणे ही वैद्यकाची फार जुनी रीत आहे. वैद्य रोग्याचे मनगट हातात घेतो आणि बोटांच्या टोकांनी जणू ऐकत राहतो. ह्या रीतीत दोन गोष्टी न बोलता ठरलेल्या असतात. मनगट ज्याचे, त्याच्या हितासाठीच नाडी पाहिली जाते. आणि पाहणारा माणूस समोर बसलेला असतो, त्याला प्रश्न विचारता येतो. आज हे काम घड्याळ करू लागले आहे. ते रात्रंदिवस नाडी पाहते, पाहिलेले लिहून ठेवते आणि लिहिलेले दुसरीकडे पाठविते. हे ‘दुसरीकडे’ म्हणजे कोणाकडे, हा आजच्या विषयाचा गाभा आहे.

मी डॉक्टर नाही आणि इंजिनिअरही नाही. माझे शिक्षण झाले ते कारखान्यांच्या गेटांवर आणि करवीर नगर वाचन मंदिराच्या बाकावर. तेव्हा ही उपकरणे चालतात कशी, हे मला जसे समजले तसे आधी सांगतो. आणि ती अंगावर चढविण्यापूर्वी आपण काय मागून घ्यावे, ते त्यानंतर.

पाठीवरून मनगटावर

दवाखान्यात हृदयाचा विद्युत्-आलेख काढतात तो काही सेकंदांचा असतो. पण हृदय डॉक्टरांच्या वेळेप्रमाणे बिघडत नाही. जिना चढताना छातीत धडधडते आणि टेबलावर आडवे झाले की सारे ठीक दिसते, हा अनुभव पुष्कळांचा आहे. ह्यावर तोड काढण्यासाठी अमेरिकेतील मोंटाना राज्यातले शास्त्रज्ञ नॉर्मन हॉल्टर ह्यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस चालत्याफिरत्या माणसाच्या हृदयाची नोंद घेणारे यंत्र तयार केले. ते पाठीवर बांधावे लागे आणि त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते. म्हणजे आपल्याकडील गुळाच्या ३० किलोच्या रव्यापेक्षाही जड! पुढे ट्रान्झिस्टर आला, यंत्र लहान होत गेले, आणि १९६१ साली हॉल्टर ह्यांनी आपली पद्धत ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात मांडली. आज हृदयरोगतज्ज्ञ ‘होल्टर लावा’ म्हणतात तो ह्याच यंत्राचा तळहाताएवढा वंशज. रोगी तो कमरेला लावून दिवसभर आपली कामे करतो आणि दुसऱ्या दिवशी परत आणून देतो.

घड्याळाचे तंत्र मात्र वेगळे, प्रकाशाचे आहे. लहानपणी अंधारात बॅटरीच्या तोंडावर हात धरून लाल दिसणारी बोटे आपण सर्वांनी पाहिली आहेत. रक्त काही रंगांचा प्रकाश शोषून घेते आणि लाल पुढे जाऊ देते, म्हणून बोटे लाल दिसतात. घड्याळाच्या पाठीमागे हिरवे दिवे लुकलुकतात, ते ह्याच गुणाचा उपयोग करतात. हिरवा प्रकाश रक्त चांगला शोषते. हृदयाचा ठोका पडला की मनगटातील बारीक वाहिन्यांत रक्त भरते आणि परत येणारा प्रकाश कमी होतो. ठोका ओसरला की तो वाढतो. शेजारीच बसविलेला प्रकाशाचा ‘डोळा’ ही चढउतार मोजतो. घड्याळ नाडी पाहते म्हणजे एवढेच करते.

बोटाला लावण्याचा ऑक्सिमीटर ह्याच्या एक पाऊल पुढे जातो. तो एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, असे दोन प्रकाश बोटातून पार पाठवितो. प्राणवायूने भरलेले रक्त अवरक्त प्रकाश अधिक शोषते, प्राणवायू गमावलेले रक्त लाल प्रकाश अधिक शोषते. दोहोंच्या प्रमाणावरून रक्तात प्राणवायू किती टक्के आहे, ते काढता येते. सुई नाही, रक्ताचा थेंब नाही. ही युक्ती जपानमधील इंजिनिअर ताकुओ आओयागी ह्यांची. त्यांनी ती १९७४ साली मांडली. त्यांचे निधन झाले एप्रिल २०२० मध्ये. नेमक्या त्याच वर्षी त्यांचे उपकरण जगात घरोघरी पोहोचत होते.

ते आपल्या घरांतही आले. करोनाच्या त्या दिवसांत ९४ हा आकडा शाळेत न गेलेल्या म्हातारीलाही पाठ झाला होता. ह्या रोगात काही माणसांचा प्राणवायू धाप लागण्यापूर्वीच खाली जात असे. बोलणारा-चालणारा माणूस आतून बुडत असतो, हे ओळखण्याचे काम त्या चिमट्याने केले आणि पुष्कळ माणसे वेळेवर दवाखान्यात पोहोचली. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली, तेव्हा गावोगावच्या आशाताई हे उपकरण पिशवीत घालून दारोदार फिरल्या. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. चिमटा आकडा दाखवीत होता; पण तो आकडा वाचून घरच्यांना ‘आजोबांना आत्ताच्या आत्ता हलवा’ असे सांगणारी, गाडीसाठी फोन करणारी आशाताई होती. उपकरणाचे कौतुक सर्वांनी केले. त्या बाईला मात्र आपल्या मोबदल्यासाठी जून २०२१ मध्ये संपावर जावे लागले.

आकड्यावर विश्वास किती ठेवावा?

यंत्राने दाखविलेला आकडा खरा मानण्याची आपली वृत्ती आहे. पण मोजमाप करणाऱ्या प्रत्येक साधनाला मर्यादा असते, आणि ती माहीत असणे हाच त्याचा खरा उपयोग.

पहिली मर्यादा हालचालीची. हात जोराने हलला की घड्याळाचा डोळा गोंधळतो. म्हणजे खुर्चीवर बसलेल्या कारकुनाची नाडी ते चांगली मोजते आणि घण मारणाऱ्या माणसाची कमी चांगली. ज्याला गरज जास्त, त्याच्याच बाबतीत चूक होण्याचा संभव जास्त.

दुसरी मर्यादा कातडीच्या रंगाची. अमेरिकेतील डॉक्टरांनी डिसेंबर २०२० मध्ये एक मोठी तुलना प्रसिद्ध केली. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवीत असता, धमनीतील रक्त प्रत्यक्ष तपासल्यावर प्राणवायू ८८ टक्क्यांच्याही खाली असल्याचे काळ्या रोग्यांत ११.७ टक्के वेळा आढळले आणि गोऱ्या रोग्यांत ३.६ टक्के वेळा. कातडीतील रंगद्रव्य प्रकाश अडविते, आणि गडद कातडीवर पुरेशी पारख न होता उपकरण बाजारात आले तर ते गडद कातडीला फसविते. उन्हात राबणाऱ्या आपल्या माणसांनी ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी. आकडा चांगला असून जीव घाबरत असेल, तर जिवाचे ऐकावे.

तिसरी गोष्ट इशाऱ्याची. हृदयाचे ठोके बेताल होण्याचा एक विकार आहे; डॉक्टर त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. त्यात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. घड्याळाने हा विकार ओळखता येतो काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेत ४,१९,२९७ लोकांची पाहणी झाली आणि तिचा निष्कर्ष नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी २,१६१ जणांना घड्याळाने अनियमित नाडीचा इशारा दिला. इशारा मिळालेल्यांतील ४५० जणांनी नंतर छातीला पट्टी लावून नीट आलेख काढून दिला, त्यांत ३४ टक्के लोकांत हा विकार दिसला. हा विकार येतो-जातो, म्हणून उरलेल्या सर्वांचा इशारा खोटा होता असे म्हणता येणार नाही. पण धडा स्पष्ट आहे. इशारा म्हणजे निदान नव्हे, दवाखान्यात जाण्याचे ते निमंत्रण आहे. तसेच इशारा न येणे हे प्रकृतीचे प्रमाणपत्रही नव्हे.

मधुमेही माणसांसाठी दंडाला चिकटविण्याची चकती निघाली आहे. तिची केसासारखी बारीक तार कातडीखाली राहते आणि पेशींभोवतीच्या द्रवातील साखर दर काही मिनिटांनी मोजते. रक्तातील साखर बदलल्यावर ह्या द्रवात तो बदल थोड्या वेळाने उतरतो. तेवढा फरक धरूनही ही चकती फार उपयोगी आहे. अडचण खर्चाची आहे, कारण ती दर पंधरवड्याला बदलावी लागते. आणि येथे एक सावधगिरीचा इशारा देतो. सुई वा तार न टोचता साखर सांगणारी घड्याळे व अंगठ्या बाजारात विकल्या जातात. अशा एकाही घड्याळाला वा अंगठीला आपण मंजुरी दिलेली नाही, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना बजाविले. त्या आकड्यावर विसंबून कोणी इन्सुलिन कमी-जास्त केले तर प्राणाशी गाठ पडेल.

कपाटातला आकडा आणि छातीवरचा आकडा

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. आकडा बरोबर आहे असे धरले, तरी तो कोणाच्या हाती जातो?

रेडियमची घड्याळे वडीलधाऱ्यांना आठवत असतील. अंधारात त्यांचे काटे चमकत. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ऑरेंज गावी त्यांच्या तबकड्या रंगविण्याचे काम तरुण मुली करीत. कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरण्यास त्यांना शिकविले होते. मुली आजारी पडू लागल्या, जबडे सडू लागले. १९२४ साली खुद्द कंपनीनेच हार्वर्ड विद्यापीठाच्या सेसिल ड्रिंकर ह्या शास्त्रज्ञाकडून तपासणी करविली. मुलींच्या रक्तात दोष असल्याचे त्यांनी लिहून दिले. कंपनीने तो अहवाल दाबून ठेवला, आणि राज्याच्या कामगार खात्याला मुलींची प्रकृती उत्तम आहे असे कळविले. पाच जणींनी दावा लावला, त्यात १९२८ साली तडजोड झाली; तोवर त्या मरणाच्या दारात होत्या. मोजमाप झाले होते आणि ते बरोबरही होते. पण ते मालकाच्या कपाटात होते.

ह्याच्या उलट उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले आहे. सीपीआर असो की खाजगी रुग्णालय, क्ष-किरण विभागात काम करणाऱ्या माणसाच्या छातीवर काडेपेटीएवढा एक बिल्ला असतो. त्याला टीएलडी बॅज म्हणतात. अंगावर घालावयाच्या आरोग्य-उपकरणांत हे आपल्या देशातील एक जुने आणि अतिशय प्रामाणिक उपकरण आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ते घडविले आणि सत्तरीच्या दशकात जुन्या फिल्म बॅजच्या जागी ते आले. आत ॲल्युमिनियमच्या पट्टीवर तीन लहान चकत्या असतात. कॅल्शियम सल्फेटमध्ये डिस्प्रोशियम ह्या धातूचा अंश घालून त्या केलेल्या असतात. किरण पडले की त्यांची शक्ती ह्या चकत्यांत साठून राहते. पुढे प्रयोगशाळेत चकती तापविली की साठलेली शक्ती उजेडाच्या रूपाने बाहेर पडते. जेवढे किरण अंगावर पडले, तेवढा उजेड. एका चकतीवर धातूचा पडदा, दुसरीवर प्लॅस्टिकचा आणि तिसरी उघडी, अशी योजना असल्याने किरण कोणत्या जातीचे होते, तेही समजते.

ह्या बिल्ल्यात बॅटरी नाही, काच नाही, दिवा नाही. तो शिशाच्या ॲप्रनच्या आत छातीवर लावावयाचा आणि साधारणतः तीन महिन्यांनी वाचनासाठी पाठवावयाचा. पण त्याच्यामागची व्यवस्था पाहा. आकडा वाचणारी प्रयोगशाळा रुग्णालयाच्या मालकाची नसते, वेगळी असते. मर्यादा आधीच ठरलेली आहे : पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २० मिलिसीव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षी ३०च्या वर नाही. आकडा फार चढला तर चौकशी होते, आणि ‘तू जवळ का उभा राहिलास?’ एवढे विचारून ती संपत नाही. यंत्र गळते काय, भिंत पुरेशी जाड आहे काय, हेही पाहावे लागते. नोंद वर्षानुवर्षे ठेवली जाते. जेथे हा बिल्ला खुंटीला टांगून ठेवतात किंवा एकाचा दुसरा लावतो, तेथे ही सारी व्यवस्था फुकट जाते, हेही खरे. पण व्यवस्था कशी असावी, ह्याचा नमुना तो आहे.

घड्याळ गेटावर येते तेव्हा

आता आमच्या गेटाकडे चला. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल ह्या भागांत ओतकामाचे कारखाने आहेत. सुमारे १४०० अंश तापलेला लोखंडाचा रस साच्यात ओतणारा माणूस एप्रिल-मे महिन्यांत काय सोसतो, हे वेगळे सांगावयास नको. अशा माणसाच्या मनगटावर नाडी मोजणारे साधन असले तर ते त्याचे प्राण वाचवू शकेल, ह्यात मला शंका नाही.

काही काळापूर्वी आमच्या भागातील एका कारखान्यात मालकांनी सर्वांना अशी घड्याळे फुकट देऊ केली. नाडी, झोप आणि पावले ह्यांच्या नोंदी कचेरीत दिसणार होत्या. बैठकीत भट्टीवरचे एक वयस्क कामगार उठले आणि म्हणाले, “साहेब, रातच्याला मला झोप लागली न्हाई, हे घड्याळ तुमास्नी सांगणार. सकाळी तुम्ही मला गेटावरनं माघारी धाडणार. मग त्या दिवसाचा पगार घड्याळ देणार व्हय?” ह्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही आणि घड्याळे तशीच खोक्यात राहिली. मला त्या प्रश्नात सगळा विषय सापडतो. तोच आकडा डॉक्टरच्या हाती औषध होतो आणि मुकादमाच्या हाती चाबूक होतो.

ही भीती कल्पनेतली नाही. नागपूर महानगरपालिकेने २०१८च्या सुमारास आणि चंदीगडच्या पालिकेने २०२०च्या सुमारास सफाई कामगारांच्या मनगटांवर जीपीएस घड्याळे बांधली. ती नाडी पाहण्यासाठी नव्हती. माणूस ठरलेल्या हद्दीत आहे की नाही, हे पाहण्यासाठी होती. गटाराच्या वायूने माणूस गुदमरतो, तेव्हा हे घड्याळ तो कोठे आहे ते सांगेल. तो गुदमरत आहे हे सांगणार नाही. मोजण्यासारखे काय आहे, हे मोजणाऱ्याने ठरविले की असे होते.

कायदा काय म्हणतो? खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. तो टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाचा आहे. पण त्याच्या सातव्या कलमात एक दार उघडे ठेवलेले आहे : नोकरीच्या कारणासाठी मालकाला कामगाराची माहिती संमतीवाचूनही वापरता येते. दुसरीकडे, भोपाळच्या १९८४च्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याच्या उद्योगांत कामगारांच्या आरोग्याची नोंद मालकाने ठेवावी आणि ती कामगाराला पाहता यावी, असे कलम तीत आले. ओतकाम धोक्याच्या उद्योगांच्या यादीत होते. त्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संहितेने घेतली आहे. कायदे बदलोत, माझ्या शरीराची नोंद मला पाहता आली पाहिजे, हे तत्त्व आपण सोडता कामा नये.

आकड्याने काम बदलावे

मग आकड्याने करावयाचे काय? एक जुना, साधा नियम सांगतो. १९८५ साली अमेरिकेतील चार सरकारी संस्थांनी विषारी कचऱ्याच्या जागी काम करणाऱ्यांसाठी एक हस्तपुस्तिका काढली. तीत उन्हातापातील कामाविषयी असे सांगितले आहे : विश्रांतीला बसताक्षणीच अर्धा मिनिट नाडी मोजा. ती मिनिटाला ११०च्या वर असेल, तर कामाची पुढची पाळी एक-तृतीयांशाने कमी करा, आणि विश्रांतीचा वेळ आहे तेवढाच ठेवा.

हा नियम कोल्हापूरकरांना नवा वाटू नये. तालमीतला वस्ताद हेच करीत आला आहे. जोर-बैठका संपल्या की पठ्ठ्याचा दम किती वेळात बसतो, ह्याकडे त्याचे लक्ष असते. दम बसला नसेल तर तो त्याला लगेच लढतीला सोडत नाही. वस्ताद दम पाहतो तो पठ्ठ्या टिकावा म्हणून, त्याचा खुराक तोडण्यासाठी नव्हे. ह्या नियमाला घड्याळही लागत नाही. दोन बोटे आणि भिंतीवरचा सेकंदकाटा पुरतो. अर्ध्या मिनिटात ५५च्या वर ठोके पडले, की पुढचे काम कमी. येथे आकड्याने माणसाला घरी पाठविले नाही, कामाला आवर घातला.

म्हणून माझे सांगणे असे आहे. उपकरणाला विरोध करू नका. त्याच्या मागची व्यवस्था मागा. ज्या कारखान्यात वा कचेरीत अशी साधने येतील, तेथील करारात चार कलमे असावीत. पहिले : साधन घालणे ऐच्छिक असावे आणि न घालणाऱ्याचे नुकसान होऊ नये. दुसरे : नोंद कामगाराला आणि डॉक्टरला दिसावी; व्यवस्थापनाला एकेका माणसाची नव्हे, तर साऱ्या खात्याची एकत्र नोंद मिळावी. भट्टीजवळच्या दहाही जणांची नाडी चढत असेल, तर दोष दहा माणसांत नसून भट्टीजवळच्या हवेत आहे, हे मालकाला एकत्र आकड्यावरूनच कळेल. तिसरे : कोणत्या आकड्याला काम थांबवावयाचे, हे आधी लिहून ठरावे, आणि थांबलेल्या वेळेचा पगार कापला जाऊ नये. चौथे : ही नोंद बढती, बदली वा कपात ह्यांसाठी कधीही वापरली जाऊ नये.

घरच्यांसाठीही हेच. मुलाने पुण्याहून वडिलांना घड्याळ पाठविले, हे चांगले झाले. पण आकडा बिघडला तर रात्री कोणाला बोलवावयाचे, गाडी कोणाची, डॉक्टर कोणते, हे ठरले नसेल तर त्या घड्याळाने वडिलांची काळजी वाढेल, प्रकृती सुधारणार नाही. आणि ज्या गावात आरोग्यकेंद्राला कुलूप असते, त्या गावात शंभर घड्याळे वाटली तरी आजार फक्त अधिक नेमका मोजला जाईल. मोजणे हा उपचाराचा आरंभ आहे. पुढचे काम माणसांनी करावयाचे असते, आणि ते त्यांनी करावे अशी व्यवस्था उभी करणे, हे तुमचे-आमचे काम आहे.